ताण्यात गेलेली वही

आमचा मोहल्ला ‘सांस्कृतिक’ आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं. तोवर मी त्याला नुसता मोहल्लाच समजत होते. इतवारीच्या बाजारातून आत वळलं की आधी कल्हईवाल्याचं दुकान, मग हनुमानाचं देऊळ आणि मग दोन्ही बाजूंनी आम्हा कोष्ट्यांची घरं. पूर्वी घरोघरी हातमाग होते. आता कुणाच्या मागाच्या खोलीत मोबाइल रिचार्जचं दुकान आहे, कुणाच्या खोलीत शिकवणी. यात संस्कृती नेमकी कुठे लपली होती, ते आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगितलं ते गेल्या वर्षी एका प्राध्यापकांनी. त्यांनी आमच्या मोहल्ल्याचा सांस्कृतिक इतिहास लिहिला. चांगलं जाडजूड पुस्तक आहे, मी विकत घेऊन वाचलं. त्यात आमच्या घराचा उल्लेख पाच ठिकाणी आहे आणि घरातल्या माणसांचा एकाही ठिकाणी नाही. हे प्राध्यापक तरुणपणी आमच्याकडे दोनदा आले होते. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांची चप्पल हरवली, आणि दुसऱ्यांदा आले ते ती शोधायला. तेवढ्या भांडवलावर माणसानं एवढं मोठं पुस्तक लिहावं, म्हणजे कमालच म्हणायची.

पुस्तकात असं आहे की, प्रस्थापितांना विटलेले कवी, चित्रकार आणि नट ‘श्रमिकांच्या घामाशी नातं जोडण्यासाठी’ आमच्या गल्लीत येऊन बसत. घामाशी! अहो, नागपूरच्या वैशाखात घामाशी नातं जोडायला कुणी कुठे जावं लागत नाही, तो घरबसल्या येतो. ही मंडळी आमच्याकडे यायची ती घाम टाळायला. हातमाग खड्ड्यात पाय सोडून चालवतात आणि सूत कोरडं पडून तुटू नये म्हणून मागाच्या खोलीत पाणी शिंपडून ओलावा ठेवतात. भर दुपारी त्या खोलीत असा गारवा असायचा की बाहेर पडवत नसे. सगळ्या शहराचा बंडखोरपणा चार महिने आमच्या जमिनीवर पथारी टाकून असायचा तो यासाठी. पावसाळा लागला की बंडखोरी आपापल्या घरी जायची.

त्यात एक चित्रकार होते. ते लाकडगंजातून लाकडाच्या पट्ट्या आणून चौकटी ठोकायचे आणि चौकटीच भिंतीला टांगायचे, चित्र नंतर सुचेल म्हणायचे. एक संपादक होते, त्यांच्या मासिकाचा पहिला अंक हाच शेवटचा ठरला. सदरला, म्हणजे शहराच्या साहेबी वस्तीत, कुणी नोकरीवाला ओळखीचा भेटला तर ही सगळी टोळी त्याच्याकडून कॉफी प्यायची, नाहीतर आमच्याकडे चहा. कॉफी पोटात गेली की इंग्रजीत बोलायचे, चहा गेला की हिंदीत. मराठी फक्त लिहिण्यासाठी राखून ठेवलेली होती, आणि लिहीत कुणीच नव्हतं.

आणि एक कवी होता. त्याची गोष्ट सांगायलाच मी बसले आहे.

कवी मूळचा काटोलचा. घरी संत्र्याची बाग, थोरला भाऊ कर्ता. दर मोसमाला भाऊ एसटीच्या टपावरून संत्र्यांची पेटी पाठवायचा. कवी ती पेटी गल्लीभर वाटून टाकायचा आणि मग उपाशी कवी म्हणून बसायचा. दाढी, झोळी, बोटात विडी, सगळं रीतसर. खोटं कशाला बोलू, त्याचं पहिलं पुस्तक चांगलं होतं. मी पुढे पोस्टात नोकरीला लागल्यावर ते वाचलं, आणि दोन कविता वाचताना माझा डबा खायचा राहून गेला. तर त्या एका पुस्तकावर त्याचं नाव झालं, आणि सगळे दुसऱ्या पुस्तकाची वाट पाहू लागले. वर्ष गेलं, दोन गेली, सहा गेली. कवीच्या झोळीत निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही असायची. ‘चाललंय,’ एवढंच तो म्हणायचा. ती वही त्यानं कुणाला उघडून दाखवली नाही. रोज मात्र आमच्या मागाच्या खोलीतल्या कोनाड्यात तो ती ठेवून जायचा, कारण म्हणे तिला तिथलं वातावरण मानवतं.

आता बघा काय झालं ते. नवीन साडीचा ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवायचे म्हटलं की आमच्याकडे चार घरची माणसं जमायची. पहाटेच गल्लीत ते लांबलचक सूत ताणून धरायचं, खळ लावून कुंच्यानं सारखं करायचं आणि ऊन तापायच्या आत लाकडी रुळावर गुंडाळून मोकळं व्हायचं. गुंडाळताना दर थरावर कागद घालतात, नाहीतर वरचे धागे खालच्यात रुततात आणि पुढे विणताना तुटत बसतात. एकदा गुंडाळायला लागलं की मध्ये थांबता येत नाही. तिकडे टोकाला चार माणसं ताण धरून उभी असतात, सैल सोडलं की संपला खेळ.

कागद पुरवायचं काम मायचं, म्हणजे माझ्या आईचं. एरवी आम्ही जुनी वर्तमानपत्रं घालायचो. त्या दिवशी निम्मा ताणा गुंडाळला आणि गठ्ठा संपला. आदल्या दिवशी दुपारी सगळ्या टोळीनं वर्तमानपत्रं उपसली होती. कुणाचं तरी नाव कुठे तरी छापून आलं आहे अशी बातमी होती, आणि ते कुणाचं हे ठरेना म्हणून सगळेच आपापला कागद घेऊन गेले होते. बाबा रूळ धरून ओरडले, ‘कागद दे वं, कागद दे!’ मायनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि कोनाड्यात हात घातला. मायला वाचता येत नाही. अक्षर असलेला जुना कागद तो कागद, एवढीच तिची समज. तिनं निळा पुठ्ठा बाजूला फेकला, एकेक जोडपान टराटरा फाडलं आणि एका थराला तीन-तीन अशी सगळी वही ताण्यात घातली. मी शेजारी उभी होते. सोळा वर्षांची होते, मला वाचता येत होतं, आणि माझं लक्ष नव्हतं. हे मी माझ्या पदरात घेते.

कवी अकरा वाजता उगवला. कोनाड्यात पाहिलं, खाली पाहिलं, मग कोपऱ्यात पडलेला निळा पुठ्ठा पाहिला. मायच्या ध्यानात आलं तशी तिनं रुळाकडे बोट दाखवलं. बाबा म्हणाले, ‘भाऊ, घाबरू नका. विणता विणता पानं बाहेर पडतेच. जशी पडतीन तशी तुमची तुमाले देईन.’

कवीनं रुळाकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘नको. राहू द्या वहिनी. समजा संपलं.’ आणि झोळी उचलून चालता झाला. त्या वेळी मला वाटलं होतं, बिचाऱ्याला केवढा धक्का बसला! आता मला वेगळंच वाटतं, पण ते पुढे.

तिसऱ्या दिवशी गल्लीत बातमी आली की, कवीनं आपली वही स्वतःच्या हातानं जाळली. त्यानंच टोळीत सांगितलं म्हणे, आणि जागा आमच्या घराची दिली. ‘शब्द खोटे वाटू लागले,’ म्हणाला. संपादकांनी तर डोळ्याला रुमाल लावला. ज्यांना त्याच्या नव्या कवितेची धास्ती होती, ते सगळ्यात जास्त हळहळले. एका न छापलेल्या पुस्तकावर त्याचं जेवढं नाव झालं, तेवढं छापलेल्यावर झालं नव्हतं.

मायला मात्र वेगळीच गोष्ट दिसली. ‘पाह्यलं का,’ ती बाबांना म्हणाली, ‘माह्यावर येऊ नये म्हणून त्यायनं सगळं सोतावर घेतलं. देवमाणूस हाये.’ मग तिनं भीतभीत विचारलं, ‘पानं निघून राहिली का?’

बाबा खड्ड्यात बसले होते. हातातला धोटा न थांबवता म्हणाले, ‘निघून राहिली, पण काही कामाची नाही. खळीनं शाई फुटली. नुसते डाग हायेत.’

झालं. दुसऱ्या दिवसापासून कवी दुपारचा आमच्याकडे जेवायला. मायनंच निरोप पाठवला. तो मरेपर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षं, तो जेवला. पहिलं ताट त्याचं, मग बाबांचं, मग आमचं, आणि माय सगळ्यांच्या शेवटी. ‘त्याचं पोट भरल्याबिगर माह्या घशाखाली घास उतरत नाही,’ म्हणायची. बारा वाजता आला तर ठीक. कधी तो सदरकडे कॉफीत अडकायचा, आणि तीन वाजता मी घरी यावं तर माय उंबऱ्यात बसलेली, रिकाम्या पोटी, गल्लीच्या तोंडाकडे बघत. मी भांडायची. ‘माय, त्याला घड्याळ कळत नाही का?’ तर मलाच, ‘चूप बस, त्याचं जे गेलं ते तुले काय समजते?’ आणि साहेब चारला उगवायचे, हात धुवायचे आणि पहिला घास घेऊन म्हणायचे, ‘वहिनी, आज मीठ अंमळ कमी आहे.’

मला त्याचा राग यायचा. अजून येतो, माणूस मेला म्हणून माझा राग काही मेला नाही.

जेवण झालं की तो मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसायचा आणि बाबा विणायचे. प्राध्यापकांच्या पुस्तकात या बैठकीवर एक पूर्ण प्रकरण आहे, ‘शब्द आणि सूत’; त्यात माग आहे, मागावरचा माणूस नाही. मी त्या बैठका कान देऊन ऐकलेल्या आहेत. दोघं वांग्यांविषयी बोलायचे. काटोलची बस का चुकली, कुणाच्या छपराचं कवेलू सरकलं, उमरेडच्या कोणत्या नातेवाइकानं माग मोडून सरपण केलं, हे बोलायचे. कविता हा शब्द एकोणीस वर्षांत त्या खोलीत उच्चारला गेला नाही.

कवी गेला तेव्हा मोठी शोकसभा झाली. बाबा जाऊन शेवटच्या रांगेत बसले आणि सभा संपताच उठून घरी आले. सहा वर्षांपूर्वी बाबाही गेले. माय आता त्र्याऐंशीची आहे. अजून पहिली पोळी झाली की ती ताटलीत बाजूला काढते आणि मग बाकीचं. कुणासाठी, म्हणून विचारायची सोय नाही.

तर या हिवाळ्यात प्राध्यापक तिसऱ्यांदा आमच्या घरी आले. या वेळी चप्पल आत आणून ठेवली. मोहल्ल्यात वारसा समिती निघाली आहे, ते तिचे अध्यक्ष. रविवारी सकाळी शहरातली मंडळी पांढरे बूट घालून आमची गल्ली बघायला येतात, आम्ही नळावर भांडी घासत असतो तर त्याचेही फोटो काढतात. समितीला आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर पाटी बसवायची होती. प्राध्यापकांनी मजकूर वाचून दाखवला: ‘याच घरात कवीचे अप्रकाशित हस्तलिखित अग्नीच्या स्वाधीन झाले.’ अनावरणाच्या दिवशी आजींनी दोन शब्द बोलावेत, अशीही विनंती केली. आजी म्हणजे माय.

ते गेल्यावर मायनं चहाचे कप उचलले. मग म्हणाली, ‘मी सांगून टाकतो आता. लोकांसमोर. का वही मी घालवली, त्यायनं नाही जाळली. इतले वर्षं त्या माणसानं माह्यासाठी खोटं वागवलं. मराच्या आधी एकदा सांगू दे मले.’

मी ही मंडळी ओळखते. माय स्टेजवर उभी राहून हे बोलली, तर त्यांना स्वर्ग दोन बोटं उरेल. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघेल आणि तिच्यात आमच्या घरातलं पहिलं माणूस येईल, ते असं: एका निरक्षर विणकर बाईनं मराठी कवितेचं कधीही भरून न येणारं नुकसान केलं. मी मायला समजावलं, दटावलं, रडलेसुद्धा. ती ऐकेना. तिनं इस्त्री करायला लुगडंही काढून ठेवलं.

पाटीसाठी भिंतीला आतून टेकू द्यावा लागेल, असं गवंडी म्हणाला, म्हणून मी मागाची खोली रिकामी करायला घेतली. बाबांची हत्यारं एका लाकडी पेटीत होती. धोटे, कांड्या, जुन्या फण्या. तळाशी सुतानं बांधलेला एक गठ्ठा होता. वहीची जोडपानं, एकावर एक नीट लावलेली. खळीचे डाग होते, कडा पिवळ्या पडल्या होत्या. पण अक्षर बॉलपेनचं होतं, आणि शब्द न् शब्द वाचता येत होता.

बाबा चौथी शिकलेले होते. दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत चालायची त्यांना सवय होती. म्हणजे त्यांनी हे सगळं वाचलं होतं.

मी तिथेच खड्ड्याच्या काठावर बसून वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानावर पुरस्कार स्वीकारतानाचं भाषण होतं. कोणता पुरस्कार, ती जागा कोरी सोडली होती. ‘हा सन्मान माझा नाही, या मोहल्ल्याचा आहे,’ आणि कंसात, ‘इथे थांबायचं. टाळ्या.’ पुढे टीकाकारांना उत्तर, नऊ पानं. टीका अजून झालेली नव्हती, पण उत्तर सडेतोड होतं. मग पुस्तकाचं परीक्षण, कवीनं स्वतःच लिहिलेलं, खाली संपादकांच्या सहीसाठी जागा. मग अर्पणपत्रिका. आधी एका मोठ्या समीक्षकाला, ते खोडून एका मंत्र्याच्या मेव्हण्याला, ते खोडून ‘मला नाकारणाऱ्या सर्वांना’, आणि ते खोडून परत समीक्षकालाच. मग पुस्तकाची सतरा नावं, त्यातली अकरा ‘अंधार’ शब्दानं सुरू होणारी. मग लांबलचक प्रस्तावना.

आणि कविता? होती ना. एक ओळ होती. ‘हे शहरा, तू मला ओळखत नाहीस.’ ती खोडून ‘हे शहरा, मी तुला ओळखत नाही.’ तीही खोडलेली. मग नुसतं ‘हे शहरा’. त्याच्यापुढे पेन टेकवून टेकवून कागदाला भोक पडलं होतं.

मी आधी खूप हसले. मग त्या भोकाकडे पाहून थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. आणि मग माझं डोकं असं सणकलं म्हणता! वही ताण्यात गेली त्या दिवशी हा माणूस सुटला होता. त्याला चांगलं माहीत होतं की त्याचं काहीही गेलेलं नाही. तरी तो एकोणीस वर्षं माझ्या मायच्या हातचं खात राहिला, तिला उंबऱ्यात उपाशी बसवून, आणि वर मीठ कमी म्हणाला.

आणि बाबा! त्यांचं काय करू? त्यांनी हे वाचून बांधून ठेवलं आणि बायकोला सांगितलं, शाई फुटली. का? मी दोन दिवस यावरच विचार करत होते. कवी जेवायला यायला लागला त्याच सुमारास गल्लीतले माग एकेक करून बंद पडत होते. कुणी यंत्रमागावर गेलं, कुणी रिक्षा घेतली, कुणी चौकीदार झालं. दिवसभर खड्ड्यात बसून बोलायला बाबांना कुणी उरलं नव्हतं. मायला खरं कळलं असतं तर तिनं कवीला दारातूनच वाटेला लावलं असतं. म्हणून वांग्यांविषयी बोलायला एक माणूस मिळावा, यासाठी बाबांनी मायला एकोणीस वर्षं पापात ठेवलं. मला बाबांची दया येते आणि त्यांना दोन शब्द ऐकवावेसेही वाटतात. पण ते फोटोत जाऊन बसलेत.

माझा बेत ठरला. अनावरणाच्या दिवशी मीच उभी राहणार आणि ते भाषण कंसातल्या टाळ्यांसकट वाचून दाखवणार. सगळ्या टोळीची, समितीची, ‘शब्द आणि सूत’ची धुलाई एकाच दमात. पण आधी मायला सांगणं भाग होतं. आदल्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी तिच्यासमोर गठ्ठा सोडला आणि एकेक पान वाचून दाखवलं.

माय भिंतीला टेकून ऐकत होती. भाषण ऐकलं, उत्तरं ऐकली. मध्ये एकदाच बोलली, ‘बॉलपेनचं होतं?’ मी म्हटलं, हो. तिनं बाबांच्या फोटोकडे एक नजर टाकली. ती नजर फोटोतल्या माणसाला सोसवली नसती. ‘वाच पुढं,’ म्हणाली.

अर्पणपत्रिका वाचल्यावर तिनं विचारलं, ‘आपलं काही हाये का त्याच्यात? या घराचं?’

एक वाक्य होतं. प्रस्तावनेत. मला ते गाळायचं होतं, पण माझं तोंड पाहून तिला कळलंच. मी वाचलं: ‘या कविता मी एका विणकराच्या अंधाऱ्या, कोंदट झोपडीत बसून लिहिल्या.’

‘कोंदट?’ माय ताठ बसली. ‘गारव्याले येत होता ना मेला आपल्या घरी? अन् झोपडी? झोपडी काहून? दोन माग बसत होते या घरात! दर दिवाळीले चुना मारत होती मी सोताच्या हातानं!’ एकोणीस वर्षांची दुपारची भूक तिनं मुकाट्यानं गिळली होती, पण झोपडी तिच्या घशात अडकली. ती रडली. कळायला लागल्यापासून मी तिला अशी रडताना पाहिली नव्हती, मोठ्यानं, भांडताना रडतात तशी. मी तिचा हात धरून बसले आणि मीही रडले.

मग डोळे पुसून ती म्हणाली, ‘त्या पाटीवर काय लिहिलं हाये, पुन्हा सांग.’ मी सांगितलं. ती ‘हूं’ म्हणाली आणि आडवी झाली. पहाटेपर्यंत एकदाही कूस न बदलता झोपली.

सकाळी मला जाग आली ती धुराच्या वासानं. घरात गॅस आहे, पण मागच्या अंगणात आंघोळीच्या पाण्याची चूल माय सोडत नाही. तिथे ती पाटावर बसली होती. चुलीवर चहाचं मोठं पातेलं आणि मांडीवर गठ्ठा. एकेक जोडपान चुरगळून ती खाली सारत होती, शांतपणे, ज्या हातानं ताण्यात घातलं होतं त्याच हातानं.

‘माय! काय करून राहिली!’ मी ओरडले. ‘मला वाचायचं होतं ते लोकांसमोर!’

‘वाचून काय करतं?’ ती म्हणाली. ‘मेला तो. कोणी मोठं म्हणते तर म्हणू दे. पण ते पाटी माह्या भिंतीवर लागणार हाये. मी मरतपरेंत जाता-येता लोक वाचतीन. माह्या भिंतीवर खोटं नाही लिहू देत मी.’ आणि शेवटचं पान आत सारून म्हणाली, ‘चाळीस वर्षांच्या वर झाले मले, जाळल्याचं खोटं वागवून. आता एकदा जाळूनच टाकलं. सुटलो बापा.’

भाषण गेलं, परीक्षण गेलं, मेव्हणाही गेला. मला राग आवरेना. चहा उकळला. तिनं पातेलं उतरवलं, पहिला कप गाळला आणि मला वाटलं, आता तो बाजूला ठेवणार. तिनं तो तिथेच, पाटावर बसून, फुंकून फुंकून स्वतः पिऊन टाकला. माझा राग तिथल्या तिथे गेला. बाकीचा चहा थर्मासात भरला, समितीसाठी.

अकराला अनावरण झालं. पांढरे बूट आले, फुलं आली, प्राध्यापकांनी तासभर अग्नी आणि शब्द यांच्या नात्यावर सांगितलं. मंडळींनी चहा घेतला, छान झाला म्हणाली. मग प्राध्यापकांनी मायला हात धरून उठवलं आणि माइक तिच्या तोंडाशी धरला. मायनं पाटीकडे पाहिलं. चुन्याच्या भिंतीवर काळा दगड उठून दिसत होता.

‘आजी,’ प्राध्यापक गहिवरून म्हणाले, ‘या घटनेच्या साक्षीदार आता फक्त तुम्ही उरलात. ते हस्तलिखित जळताना तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंत?’

हा प्रश्न कुणीतरी विचारील, या भीतीत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तिनं मान वर केली.

‘पाह्यलं ना. माह्या डोयानं पाह्यलं.’

‘किती वेळ जळत होतं, आजी?’

‘चहा होतपरेंत,’ माय म्हणाली.

प्राध्यापक थांबले. टाळ्या झाल्या.